कळलं नाही, तरी चालेल

फेब्रुवारी आला की मला इंग्रजीचा राग येतो. तसं इंग्रजीने माझं काही घोडं मारलेलं नाही. मी शाळेत मराठी शिकवते आणि ज्याची भाषा त्याला लखलाभ, अशा मताची आहे. पण दहावीच्या तोंडी परीक्षा जवळ येतात आणि आमच्या शाळेच्या आवारात मुलंमुली पाण्याच्या टाकीपाशी, जिन्याखाली, सायकलींच्या रांगेत उभी राहून स्वतःशीच पुटपुटायला लागतात. माय नेम इज. माय फेवरेट सीझन इज. डोळे मिटून, बोटं मोजत. श्रीवर्धनहून बोर्लीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच शाळा, त्यामुळे एस.टी. थांबली की उतारूंनाही ते ऐकू जातं आणि सगळे कौतुकाने बघतात. मी मात्र भराभर चालत वर्गावर जाते.

याच दिवसांत आमच्याकडे अंगणाअंगणांत सुपारी वाळत पडलेली असते. केशरी सालींचा हळूहळू मातकट रंग होत जातो आणि ओलसर, आंबूस असा एक वास घरात, कपड्यांत, वह्यांच्या गठ्ठ्यातही भरून राहतो. बाहेरून आलेल्या माणसाला तो वास पहिले दोन दिवस जाणवतो, मग त्यालाही कळेनासा होतो. सासूबाई सकाळपासून कोंबड्या हाकलत बसतात आणि मधूनमधून उठून पायाने सुपारी खालीवर करतात. वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि मला ते आवडायचंही. आता आवडत नाही असं नाही, पण त्या वासाबरोबर एक माणूस आठवतं आणि मी तापते. तापायला दुसरं कुणी नसतं, म्हणून इंग्रजीवर तापते.

यंदा तर पत्रच आलंय. गेले चार दिवस ते माझ्या पर्समध्ये आहे आणि सोमवारी त्याचं उत्तर अलिबागला, परदेशी लोकांच्या नोंदणीच्या कचेरीत पोचायला हवं. न्यूझीलंडची बेथ आमच्या शाळेत पुन्हा इंग्रजी शिकवायला येऊ म्हणते. दोन वर्षांपूर्वी ती आली होती, तेव्हा तिच्या कागदांवर एक शेरा पडला: नोंदणीच्या मुदतीबद्दल शाळेस कळविले नाही. कचेरीने शाळेला एवढंच विचारलंय की हा शेरा बरोबर आहे का. बरोबर आहे म्हटलं तर बेथचं येणं संपलं. हेडसरांनी पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, तुमची भाषा चांगली आहे, तुम्हीच काय ते लिहा.

माझी भाषा चांगली आहे, यात वाद नाही.

बेथ आली ती संक्रांत होऊन गेल्यावर. परदेशातून एक संस्था शिक्षक पाठवते आणि आपल्या शाळेला त्यातली एक बाई मिळाली आहे, हे कळल्यापासून आमच्या शाळेत जणू लग्नघर झालं होतं. हेडसरांनी फोनवर तिचं नाव ऐकलं आणि रंगवणाऱ्याला सांगितलं. फाटकावर मोठ्ठा फलक लागला, ‘बीथ मॅडमचे हार्दिक स्वागत’. ती खाली उतरली, फलकाकडे बघून खूप हसली, आणि स्वतःचं नाव सांगितलं तेही ‘बिथ’ असंच. आम्ही म्हटलं, बरोबर आहे की. पासपोर्ट बघितल्यावर कळलं की ती बेथ आहे. तिच्या देशात ‘ए’चा उच्चार दाबून ‘इ’कडे नेतात. पेनला ती पिन म्हणायची, डेस्कला डिस्क. आम्हाला वाटलं, गंमत आहे. गंमतच होती ती, पहिले तीन-चार दिवस.

तिला आमच्या घरी ठेवायचं ठरलं, कारण माडीवरची खोली रिकामी होती आणि माझे यजमान कामाला रोह्याच्या कारखान्यात, आठवड्याने घरी येणारे. शिवाय तिच्याकडे लक्ष द्यायला एक बाईमाणूस हवं होतं. संस्थेने शाळेसाठी एक जाडजूड पुस्तिका पाठवली होती: परदेशी शिक्षक आले की शाळेने काय काय करायचं. हेडसरांनी ती मला दिली आणि वाचून ठेवा म्हणाले. मी वाचली. म्हणजे पिण्याचं पाणी, मच्छरदाणी आणि संडास इथपर्यंत वाचली. इंग्रजी बारीक टायपातलं होतं आणि तपासायचे निबंध पडले होते. पुस्तिका मग कपाटात वह्यांच्या खाली गेली.

सोयीत मात्र आम्ही तसूभर कमी पडलो नाही. तिच्यासाठी बाटल्यांचं पाणी आणलं, कालवणात तिखट कमी केलं, खोलीत नवा पंखा लावला. शाळेत तिला खुर्ची होती ती हेडसरांच्या खुर्चीसारखीच, हातांची. प्रत्येक कार्यक्रमात ती व्यासपीठावर. तिचं वेळापत्रक मात्र कुणी केलंच नाही. ज्या वर्गाचे बाई किंवा सर गैरहजर, त्या वर्गावर तिला पाठवायचं, आणि तेही ‘मॅडम, प्लीज’ म्हणून, हात जोडून. ती तास घेऊन आली की विचारायची, कसा झाला, काय बदलू? आम्ही एकमुखाने व्हेरी गुड म्हणायचो. वर्गात कुणी जाऊन बघितलेलं नसायचं. पाहुण्याला चूक कशी दाखवायची? आज वाटतं, आम्ही तिची सोय केली, पण तिला सांभाळलं नाही. या दोन्हींत केवढं अंतर आहे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच चार शब्द सुनावले असते.

आणि आमचा तो एक शब्द, ‘चालेल’. हा शब्द आमच्या बोलण्यात मिठासारखा असतो. चालेल म्हणजे हो असतं, बघू असतं, तुमची मर्जी असतं, आणि कधीकधी तर नाहीसुद्धा असतं. समोरच्याने चेहऱ्यावरून ओळखायचं. बेथने पहिला मराठी शब्द हाच उचलला, कारण तिने काहीही विचारलं की आम्ही हेच म्हणायचो. तिचं इंग्रजी आलं की माझ्या कानाला आधी दोन शब्द कळायचे, मग मधलं सगळं गडप व्हायचं, शेवटी तिचा स्वर वर जायचा, म्हणजे प्रश्न आहे हे कळायचं. मग मी मान डोलवायची. चालेल, चालेल. पुन्हा सांग, कळलं नाही, असं म्हणायला जीभ रेटायची नाही. एम.ए. बी.एड. बाई, वर्गात मुलांना दटावून सांगते की न कळलं तर हात वर करा.

सासूबाईंचं तसं नव्हतं. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, त्यामुळे लाजण्याचा प्रश्नच नव्हता. बेथ शाळेतून आली की त्यांच्याशेजारी अंगणात फतकल मारायची. सासूबाई एकेक सुपारी तिच्या ओंजळीत टाकून मोजायला शिकवायच्या. एक, दोन, तीन. तिचं काही समजलं नाही की त्या सरळ तिचा दंड धरून विचारायच्या, “काय गो? काय होवा हाय तुला?” बेथ मग हातवारे करायची, चित्र काढायची, उठून ती वस्तूच दाखवायची. दोघींचं छान जमायचं. मी वरच्या पायरीवर वह्या तपासत बसलेली, दोघींत दुभाषी असल्याच्या तोऱ्यात.

आता ती सकाळ. बेथला येऊन चार दिवस झाले होते. मधली सुट्टी, शिक्षकांची खोली, टेबलावर बटाट्याच्या भाजीचा डबा उघडलेला. बेथ हातात एक कागद घेऊन आली. हेडसर आणि मी तिथेच होतो. ती भरभर काहीतरी बोलली, चेहरा जरा ओढलेला होता, आणि शेवटचं वाक्य मला नीट ऐकू आलं: “ओन्ली टिन डेज लिफ्ट.” मला केवढा आनंद झाला. आदल्याच संध्याकाळी ती अंगणात तीनपर्यंत शिकली होती. पोरीने लगेच वापरलं की. तीन डेज लिफ्ट. तीन दिवस शाळेत यायला लिफ्ट हवी म्हणतेय, माझ्या स्कूटीवर. बिचारी एवढ्याशा गोष्टीसाठी किती संकोचतेय. मी म्हटलं, “येस, येस. चालेल.” हेडसरही मान हलवून नो प्रॉब्लेम म्हणाले. तिने कागद छातीशी धरला, थँक यू म्हणाली आणि वर्गावर गेली.

मी तिला तीन दिवस लिफ्ट दिली. चौथ्या दिवशीही दिली, कारण मी काही अशी हिशेबी बाई नाही.

ती खरं तर सांगत होती की माझे फक्त दहा दिवस उरलेत. परदेशी माणसाने इथे आल्यापासून चौदा दिवसांत आपली नोंदणी करायची असते, आणि त्यासाठी शाळेचं पत्र आणि शिक्का लागतो. पुस्तिकेत ते मच्छरदाणीच्या पुढच्या पानावर होतं. तिचं ‘टेन’ माझ्या कानात ‘तीन’ झालं, तिचं ‘लेफ्ट’ माझ्या स्कूटीवर येऊन बसलं. गावात कुणाला हे सांगितलं तर पोट धरून हसतील. मी कुणालाच सांगितलेलं नाही. हे पहिल्यांदाच लिहिते आहे.

मध्ये एक संध्याकाळ आहे, तिची आठवण मला सगळ्यांत जास्त छळते. आमच्या वाडीत पोपटी लावली होती. थंडी सरता सरता वालाच्या शेंगा भरतात, तेव्हा मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ असं भरून तोंडालाही पाला कोंबायचा आणि मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा नि झावळ्या पेटवायच्या. ऊन अजून माडांच्या शेंड्यांवर होतं. धूर डोळ्यांत जात होता. बेथ माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “ताई, इज इट डन?” तेवढ्यात दिरांनी मडक्यावर पाण्याचा हबका मारला, चर्र झालं, म्हणजे शिजली. मी जोरात म्हटलं, “डन. फुल डन.” तिने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मग ती अशी काही जेवली, चटके बसत असताना शेंगा सोलून दाणे तोंडात टाकत होती, हसत होती. मला वाटलं, बाईला पोपटी किती आवडली. ती विचारत होती ते वेगळंच होतं, आणि मी तिला खात्री दिली होती.

एकोणिसाव्या दिवशी पोलीस चौकीतून एक हवालदार आले. साधे, अदबीने बोलणारे. नेहमीची चौकशी, मॅडमचा नोंदणीचा कागद बघायचा होता. बेथ म्हणाली, शाळेने केलंय. हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मी बेथकडे बघितलं. ती माडीवर धावत गेली आणि तो कागद घेऊन आली, तोच, आणि पायरीवर माझ्याशेजारी बसून पेन्सिलीने कोपऱ्यात आकडा काढला. एक आणि शून्य. मग दोन्ही हातांची बोटं पसरून माझ्यापुढे धरली. त्या क्षणी मला सगळं कळलं, आणि मला कळलं हे तिलाही कळलं. हवालदारांनी चहा घेतला आणि दोन दिवसांत अलिबागला जाऊन या म्हणून सांगितलं.

तेव्हाही मी म्हणू शकले असते, माफ कर, चूक माझी. दोन शब्दांचं इंग्रजी तर मला येत होतं. मी म्हटलं, “डोन्ट वरी.”

हेडसरांच्या गाडीने आम्ही निघालो. दिघीच्या जेट्टीवर बोट पलीकडे होती, ती येईपर्यंत गाडीतच बसून राहिलो. गाडी बोटीत चढवून आम्ही बाहेर उभे राहिलो. बेथ कठड्याशी, वारा तोंडावर घेत, लांबवर जंजिऱ्याकडे बघत. हेडसरांनी मला जरा बाजूला बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत, हे मी आधीच सांगते. शाळेच्या मान्यतेसाठी, वर्गखोल्यांसाठी त्यांनी पंधरा वर्षं चपला झिजवल्यात. ते खाली बघत म्हणाले, “बाई, शाळेची मान्यता तपासणीवर आहे. तिने आपल्याला काही सांगितलंच नाही, असंच म्हणायचं. ती काय, पाहुणी आहे. तिला कोण काय करणार?”

माझी नेमणूक दर जूनला नव्याने होते. कायम होण्याची फाईल कुठेतरी पडून होती. मी समुद्राकडे बघितलं आणि म्हटलं, “चालेल, सर.”

बेथने वळून बघितलं. आमचं बाकीचं मराठी तिला कळण्यातलं नव्हतं, पण हा एक शब्द तिला पक्का येत होता. आणि माझ्या तोंडून तो कसा निघतो तेही, मला वाटतं, एव्हाना तिला माहीत झालं होतं. ती पुन्हा पाण्याकडे वळली.

मुरूड मागे पडलं, काशीद मागे पडलं, रेवदंड्याचा पूल ओलांडून चौलच्या वाड्यांमधून गाडी चालली. दोन्ही बाजूंनी माडपोफळींची सावली, देवळांच्या पायऱ्या, कुणाच्या तरी अंगणात आमच्यासारखीच सुपारी. एरवी चौलला आलं की मी गाडी थांबवून पाच मिनिटं तरी उतरते. त्या दिवशी मला वाटत होतं की हा रस्ता संपूच नये. हेडसर मध्येच घड्याळ बघायचे. बेथने मांडीवर कागदांचं पाकीट धरलं होतं आणि ते सरळ असूनही ती पुन्हापुन्हा सरळ करत होती.

कचेरीतले साहेब तरुण होते, चढ्या आवाजात बोलत नव्हते. त्यांनी कागद बघितले, आणि तिला सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं की मुदत आहे हे तुम्ही शाळेला सांगितलं होतं का. ते बाकी कुणाला विचारण्याआधी तिला विचारतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. हेडसरांनी रुमाल काढला. बेथने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. वर्गात एखादं मूल उत्तर येत नाही म्हणून खाली मान घालून बसतं आणि आपण त्याला त्या दिवशी सोडून देतो, तसं बघितलं.

“नो, सर,” ती म्हणाली. “आय डिड नॉट टेल देम.”

इतकं स्वच्छ, इतकं सरळ इंग्रजी ती माझ्यासमोर कधी बोलली नव्हती. मला त्यातला शब्द न् शब्द कळला. साहेब लिहायला लागले. त्यांचं लिहून होईपर्यंत बराच वेळ होता. मी तोंड उघडायचं ठरवलंही, मनात वाक्य तयार केलं, मराठीतच केलं. साहेबांनी कागद उलटला, शिक्का मारला, आणि माझं वाक्य माझ्याजवळच राहिलं.

नोंदणी झाली, पण शेऱ्यासकट. संस्थेचा नियम असा की कागदावर असा शेरा पडला की त्या शिक्षकाला मायदेशी परत बोलवून घ्यायचं. नियमाला त्यांचीही कारणं असतील. आठ दिवसांत बेथ गेली. मुलींनी भेटकार्डं केली, हेडसरांनी शाल दिली, व्यासपीठावर बसवून. मी भाषण केलं, चांगलं झालं असं सगळे म्हणाले. जाताना ती माझ्या गळ्यात पडली आणि हळू म्हणाली, इट्स ओके, ताई. मी काय केलं असेल? मान डोलवली.

ती गेल्यावर सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सुपारी खालीवर करताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुला समजलाच न्हाय ना ती काय बोलत व्हती? मंग व्हय कशाला बोललीस?” त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी वह्या उचलून आत गेले.

मग तोंडी परीक्षा आल्या. बाहेरचे परीक्षक होते, मी शेजारच्या खोलीत हजेरी घेत होते. आमच्या पोरांना ते विचारत होते, वर्गात बाक किती, दप्तरात काय काय. आणि पोरं उत्तरं देत होती: टिन बिंचिस, सर. वन पिन, सर. परीक्षक वैतागले, पुन्हापुन्हा दुरुस्त करत होते. पोरं पुन्हा तेच म्हणत होती, ठणकावून. जेमतेम चार आठवडे शिकवलं होतं तिने. मी बाहेर आलेल्या एका मुलीला थांबवून विचारलं, टिन म्हणजे काय गं? तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की बाईंना एवढंही येत नाही. “दहा, बाई,” ती म्हणाली. सगळ्या वर्गाला बेथ कळत होती. ज्यांना न कळल्यावर हात वर करायची लाज नव्हती, त्यांना सगळं कळलं होतं.

त्या वर्षी जूनमध्ये मी कायम झाले. फाईल आपसूक वर आली होती, तिचा याच्याशी काही संबंध नाही, असं मी स्वतःला समजावलं. पेढे वाटले.

आता हे पत्र. चार दिवस मी ते लिहिते आहे. पहिल्या दिवशी लिहिलं, ‘सदर बाब शाळेच्या निदर्शनास आली नव्हती.’ वाचून बघितलं. भाषा चांगली होती. खोटं बोलायला चांगली भाषा किती उपयोगी पडते, हे मराठीच्या बाईला चाळिशी उलटल्यावर कळावं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, ‘संवादात काही त्रुटी राहिल्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ तोही कागद फाडला. रात्री यजमानांना फोनवर म्हटलं, नोकरीवर आलं तर? ते म्हणाले, कायम झालेल्या माणसाला मेमो देतात, सुळावर नाही चढवत. त्यांना धीर द्यायचा होता. पण मेमो सेवापुस्तकात राहतो, आणि गाव लहान आहे. इंग्रजी न समजणारी बाई, हे नाव मला निवृत्तीपर्यंत पुरलं असतं.

आज सकाळी आवारात पोरं पुटपुटत होती. माय फेवरेट टीचर इज. मी शिक्षकांच्या खोलीत, त्याच टेबलाशी बसले आणि एका दमात लिहून काढलं. चार ओळी झाल्या. ‘बेथ मॅडम यांनी मुदत संपण्याच्या दहा दिवस आधी मला स्वतः सांगितले होते. त्यांचे इंग्रजी मला कळले नाही. कळले नाही, हेही मी त्यांना सांगितले नाही. कचेरीत त्यांनी मला वाचवण्यासाठी खोटे सांगितले आणि मी गप्प बसले.’ खाली सही केली.

हेडसरांच्या खोलीत गेले आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, यावर शाळेचा शिक्का हवा. त्यांनी चष्मा लावला. चार ओळींना किती वेळ लागतो? बाहेर एक तास संपल्याची घंटा झाली, दुसरा सुरू झाला, तरी ते वाचतच होते. मला वाटलं, आता कागद बाजूला ठेवतील आणि म्हणतील, बाई, मान्यतेचं काय. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, चांगलं कडक.

ते म्हणाले, “त्या दिवशी मी पण तिथंच होतो ना.”

मी म्हटलं, “हो, सर.”

“लिफ्टचं काहीतरी बोलली, असं मला वाटलं. म्हटलं तुम्हाला कळलंय, तर आपण कशाला विचारा.”

आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो. दोन वर्षं एकाच इमारतीत, एकाच टेबलावर डबा खाऊन, दोघांनीही ते स्वतःजवळ ठेवलं होतं, आणि बोटीत त्यांनी मला जे सांगितलं ते सांगतानाही त्यांना हे माहीत होतं. मला त्यांचा संताप आला, आणि त्याच वेळी त्यांची दया आली, आणि माझीही.

त्यांनी खिशातून वह्या तपासायचं लाल पेन काढलं. पहिल्या दोन ओळींतला ‘मला’ खोडला आणि वर लिहिलं, ‘आम्हाला’. तिसऱ्या ओळीतला ‘मी’ खोडून ‘आम्ही’. मग चौथ्या ओळीवर थांबले, आणि तिथलेही दोन्ही शब्द तसेच बदलले. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, एवढं नीट उतरवून आणा, मी सही करतो.

मी तिथेच बसून पुन्हा लिहायला घेतलं.